दोह्याहून अमेरिका

दोह्याचं प्रकरण मी या वहीत तीन वेळा टाळलं आहे. पहिल्या वेळी त्याऐवजी शाळेच्या स्नेहसंमेलनाबद्दल लिहिलं, दुसऱ्या वेळी आईच्या आजारपणाबद्दल, आणि तिसऱ्या वेळी तर ‘मग चार वर्षं आखातात नोकरी केली, पुढे परत आलो’ एवढ्या एका ओळीत सगळं उरकलं. सुनेनं कच्चा मजकूर वाचला तेव्हा तिनं विचारलं, “बाबा, चार वर्षांत काहीच घडलं नाही?” मी म्हणालो, “वाळू आणि ऊन. दुसरं काय घडणार?” खोटं बोललो. घडलं होतं, आणि ते मीच घडवलं होतं. ज्यांच्या बाबतीत घडवलं ते तात्या आता नाहीत. म्हणून आता लिहायला बसलो आहे. यातही भित्रेपणा आहे हे मला कळतं, पण त्याला आता इलाज नाही.

दोह्यातल्या नजमा वस्तीतली आमची खोली एका कॅफेटेरियाच्या वर होती. खालून दिवसभर काचेच्या पेल्यांची किणकिण आणि उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा वास वर येई. खिडकीतला एसी चालू झाला की पत्र्याच्या डब्यात कुणीतरी हरभरे हलवतंय असं वाटे, आणि तो बंद पडला की त्या शांततेनं आम्ही तिघेही एकदम जागे होत असू. तिघे म्हणजे तात्या, गफूरभाई आणि मी. तात्या आमच्याच गावचे, सातारा भागातले. आमच्या घरापासून चौथं घर त्यांचं. पन्नाशीला आलेले, गळ्यात तुळशीची माळ, एका अमेरिकन साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर, म्हणून तात्या मला सुधाकर न म्हणता ‘मास्तरा’ म्हणायचे. गफूरभाई रत्नागिरीकडचे, वायरमन, आणि मासे तळण्यात त्यांचा हात धरणारा मी नंतर कुठे पाहिला नाही.

माळकरी आणि मासेखाऊ एका खोलीत कसे राहत होते, असं लोक विचारत. त्याची एक रीत ठरली होती. तात्यांची शेगडी, पातेली, तवा वेगळा, खिडकीच्या बाजूला. गफूरभाईंचा संसार बाहेरच्या चिंचोळ्या गॅलरीत. मासे साफ करायची वेळ आली की गफूरभाई आत डोकावून ओरडत, “तात्या, तोंड फिरवा, सुरमई आंघोळीला निघाली!” तात्या भिंतीकडे तोंड करून बसत आणि तिकडूनच म्हणत, “धू बाबा धू. तिला म्हनावं, मी काय बगत न्हाय.” मग पाठमोऱ्या त्यांच्या गप्पा चालत, पाऊस किती झाला, कुणाची म्हैस व्याली, मुंबईला जाणाऱ्या विमानात सामान किती नेऊ देतात. तात्यांचं पिठलं आणि खालून आणलेले गरम कुबूस, म्हणजे अरबी रोट्या, सोबत घरून आलेली कांदा-लसूण चटणी, हे माझं रोजचं जेवण. बाजरीचं पीठ मिळालं की त्या दिवशी सण. तात्या गॅलरीच्या फरशीवर परात ठेवून भाकरी थापत आणि तो आवाज ऐकून शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन उभी राहत.

मला दोह्याला तात्यांनीच आणलं. बी.कॉम. होऊन मी गावात दोन वर्षं रिकामा फिरत होतो, तेव्हा त्यांनी कुठूनतरी व्हिसा मिळवून दिला. तो निघाला एका ठेकेदाराचा. पहिले सात महिने मी सिमेंटची पोती उतरवली. संध्याकाळी खोलीवर आलो की नाकातून करडा शेंबूड निघे. मी कधी तक्रार केली नाही, पण माझं तोंड तक्रार करत असणार, कारण एक दिवस तात्या त्यांच्या साहेबाशी बोलले. रॉन साहेब गॅसच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, गराफा भागात बंगल्यात राहायचा. त्यानं एक फोन केला आणि पंधरा दिवसांत मी एका गुदामात स्टोअर क्लार्क झालो. टेबल, खुर्ची, एसी, जाडजूड रजिस्टर. ज्या दिवशी मी त्या खुर्चीत बसलो त्या दिवसापासून मला रॉन साहेबाचा राग येऊ लागला. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. ज्याचे उपकार परवडत नाहीत त्याची किळस करणं सोपं असतं, एवढं आता कळतं.

अमेरिका आमच्या खोलीत तात्यांच्या तोंडून यायची. ते संध्याकाळी आले की गफूरभाई विचारत, “काय तात्या, आज काय आणलंत अमेरिकेतनं?” आणि तात्या पाय धुता धुता सांगत. साहेबाचं कुत्रं गादीवर झोपतं. साहेब शेंगदाण्याचं गोड लोणी चमच्यानं डब्यातून चाटतो आणि तोच चमचा पुन्हा डब्यात घालतो. मॅडम थंड दुधात कसलेसे पोहे घालून उभ्या उभ्या खातात. थंडीतसुद्धा पेल्यात आधी बर्फ, मग पाणी. आणि संडासात पाणी नाही, कागद. तात्यांच्या सांगण्यात निंदा नसे. लांबच्या पाहुण्यांच्या घरची रीत सांगावी तसं ते सांगत, शेवटी म्हणत, “आसतंय एकेकाचं.” किळस करायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी मन लावून करत होतो.

त्या काळी फोन परवडत नसे, म्हणून आम्ही घरी कॅसेट भरून पाठवत असू. शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, तिघांपैकी एकजण टेपरेकॉर्डर घेऊन बसायचा आणि बाकीचे दोघे भांडी न वाजवता वावरायचे. गावाला निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती कॅसेट जायची. गफूरभाई आपल्या बायकोला बोलताना चादर पांघरून घेत. माझी कॅसेट मात्र सभेसारखी असायची, कारण ती वडील ओसरीवर लावत आणि निम्मी आळी ऐकायला जमे. शाळेत मी वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. आई-वडिलांची खुशाली दोन मिनिटांत आटोपून मी अमेरिकेवर यायचो. सगळं ऐकीव, तात्यांनी सांगितलेलं, वर माझी फोडणी.

“मंडळी, आज अमेरिकेचा फुटबॉल,” मी सुरू करायचो. “नावात पाय, पण चेंडू हातात. चेंडू कसा, तर वांग्यासारखा. अंगाला गाद्या बांधलेले बावीस पैलवान. शिट्टी झाली की एकमेकांवर कोसळतात, सात सेकंदांत खेळ संपला. मग उठून पुन्हा सल्लामसलत. आपल्याकडे भावकीची वाटणीसुद्धा याच्याहून लवकर होते.” मग त्यांचा टीव्ही. विनोदी मालिकेत हसायचं कुठे हे मशीन हसून सांगतं, घरात बसलेल्या माणसाला तेवढाही त्रास नको. नवरा-बायको स्टुडिओत येऊन शेकडो लोकांसमोर एकमेकांची अब्रू काढतात, आणि ऐन रंगात आले की मध्ये साबणाची जाहिरात. सामने फक्त आपापसात खेळतात आणि जिंकणाऱ्याला जगज्जेता म्हणतात. संडासातल्या कागदाच्या विषयावर तर मी एक अख्खी बाजू भरली होती. वडिलांचं पत्र येई, “मंडळी फार हसली. तुकाराम शिंप्याला ठसका लागला. पुढच्या खेपेस अमेरिका जास्त सांगणे.” त्या ओळीची मला चटक लागली. आज माझा मुलगा पुण्यात बसून तेच वांग्याच्या चेंडूचे सामने बघतो, डब्यातून चमचा चाटतो. अमेरिका या विषयावर मी घरात बोलतच नाही.

त्या वर्षी पुढच्या उन्हाळ्यातला फुटबॉलचा, म्हणजे पायानं खेळायच्या फुटबॉलचा, विश्वचषक अमेरिकेत व्हायचा होता, आणि आशियातून कोण जाणार हे ठरवणारे शेवटचे सामने दोह्यातच आले. कतार स्वतः आधीच बाहेर पडलं होतं, तरी शहर अंगात आल्यासारखं झालं होतं. न्हाव्याच्या दुकानात, किराणावाल्याकडे, बसथांब्यावर दुसरा विषय नाही. गफूरभाई पूर्वी बसऱ्याला नोकरी करून आलेले, त्यामुळे ते इराकच्या बाजूचे. “यल्ला, यल्ला!” म्हणजे चला, चला, असं ते रेडिओला ढकलल्यासारखे ओरडत. मला खेळाचं काही नव्हतं, पण एका गोष्टीची मळमळ होती. ज्यांना या खेळाची किंमत नाही त्यांच्या दारात हे सगळं जग नाक घासत जाणार. तात्यांनी एकदा साहेबाला कपाबद्दल विचारलं तर तो म्हणाला होता, “कुठला कप?”

अशाच एका सामन्याच्या शुक्रवारी रॉन साहेबाकडे पार्टी होती. खुर्च्या उचलायला, बर्फ आणायला माणूस कमी पडत होता, तेव्हा मॅडमनी निरोप दिला आणि तात्या नाइलाजानं मला बरोबर घेऊन निघाले. नाइलाजानं हे मला तेव्हाच जाणवलं होतं. निघताना त्यांनी आमच्याकडे पाठ केली, गळ्यातली माळ काढली, रुमालात गुंडाळली आणि गफूरभाईंच्या हातात दिली. गफूरभाईंनी हात धुऊन ठेवले होते. त्यांनी ती पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि दाराजवळच्या उंच खिळ्याला अडकवली. दर शुक्रवारचा सराव असावा अशा सफाईनं हे झालं. मी तोवर दर शुक्रवारी कॅसेट भरण्यात, झोपण्यात गुंग असल्यामुळे मला हे माहीतच नव्हतं.

बंगल्यात बारा-पंधरा अमेरिकन होते. साहेबाच्या भावानं टपालानं पाठवलेल्या व्हिडिओ कॅसेटवर त्यांचा तो हातातला फुटबॉल चालू होता. तीन आठवड्यांपूर्वी होऊन गेलेला सामना, निकाल सगळ्यांना ठाऊक, तरी आरडाओरडा असा की घर पडेल. बाहेरच्या रस्त्यावरून झेंडे लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवत रय्यानकडच्या मैदानाला चालल्या होत्या. एकानं वैतागून विचारलं, हा गोंगाट कसला? रॉन साहेब म्हणाला, “सॉकर.” मी बर्फाची बादली घेऊन उभा होतो. धीर करून इंग्रजीत विचारलं, “सर, विश्वचषक तुमच्या देशात आहे. तुम्ही बघायला जाणार?” तो हसला. “माझी बहीण शाळेत खेळायची,” म्हणाला. सगळे हसले. मग त्यांच्या कागदी थाळ्या उचलताना मी जे पाहिलं ते माझ्या किळशीला पुरून उरणारं होतं. अर्धे चावलेले पाव, त्यांत रुतवून विझवलेल्या सिगारेटी, लाल सॉसमध्ये भिजलेले हातपुसणे, आणि सोफ्यावर बसून एका बाईच्या थाळीतून खाणारं कुत्रं. बाई त्याच थाळीतला दुसरा तुकडा स्वतः खात होती.

बर्फ संपला म्हणून मी मागच्या अंगणात गेलो. तिथे लोखंडी शेगडीपाशी तात्या उभे होते. नाकावर रुमाल बांधलेला, हातात लांब चिमटा, आणि जाळीवर मांसाच्या गोल चकत्या चरचरत होत्या. कशाचं मांस ते विचारायची गरज नव्हती. हात पुरेल तेवढा लांब धरून, मान वळवून, ते एकेक चकती उलटत होते. गळ्याभोवती माळेच्या जागी एक पांढुरका पट्टा दिसत होता. अंगावर मॅडमचा एप्रन. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘आचाऱ्याचा मुका घ्या.’ तात्यांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी सांगितलं नाही. साहेब आला, त्यानं तात्यांच्या पाठीवर थाप मारली, “दोह्यातला एक नंबरचा कुक!” तात्या रुमालामागून हसले. तेवढ्यात चरबीचा थेंब त्यांच्या अंगठ्यावर उडाला. त्यांनी हात झटकला, खाली बसले आणि अंगठा गवताला पुसला, मग मातीला पुसला, मग पुन्हा मातीला. भाजलेलं बोट माणूस आपोआप तोंडात घालतो. तात्यांनी ते तोंडाच्या जवळही नेलं नाही. हे मी दहा हातांवरून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली.

 परतताना गाडी सिग्नलला थांबल्यावर तात्या म्हणाले, “मास्तरा, गावाकडं बोलू नगंस.”

“मी कशाला बोलतोय?”

“पोरीचं, सुनंदाचं जमलंय. सुपारी फुटलीया. पाव्हनं कडक माळकरी हाईत, त्यांचा बा भजनात म्होरं आसतो. कळलं तर माझ्या हातचं पानी घ्येनार न्हाईत.”

“मग करता कशाला हे?”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुझं काम केलं की रं साहेबानं. दुसऱ्याच आठवड्याला म्हनाला, शुक्रवारी जरा शेगडीवर ऱ्हा हुबा. ज्या तोंडानं तुझ्यासाठी मागितलं त्या तोंडानं न्हाय कसं म्हनू?”

मला त्या क्षणी कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटला तो संताप. त्या खुर्चीची, त्या रजिस्टराची, त्या गार हवेची किंमत दर शुक्रवारी दुसरं कुणीतरी भरत होतं, आणि ते मला आता माहीत झालं होतं. मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो की तात्या तिथे का उभे राहतात ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं. सिग्नल सुटायच्या आत ठाऊक झालं होतं.

पुढच्याच शुक्रवारी तात्या बंगल्यावर गेल्यावर मी कॅसेट भरायला बसलो. फुटबॉल, पार्टी, कुत्रं, सिगारेटी सगळं सांगून झालं तरी पाच-सहा मिनिटांची फीत उरली होती, आणि ओसरीवरची मंडळी मला दिसत होती. मी एप्रनपासून सुरुवात केली. नाव घ्यायचं नाही हे पक्कं ठरवलं होतं. “आपल्याच भागातले एक माळकरी गृहस्थ,” मी म्हणालो, “साहेबाच्या अंगणात गाईचं मांस भाजतायत, आणि छातीवर लिहिलंय, माझा मुका घ्या.” मग मला आवाज सुचला. तात्यांचा तो खर्जातला, शब्द ओढून बोलायचा आवाज मला हुबेहूब जमायचा. “सायेब, आनि येक भाजू का?” आणि मग तोंड मायक्रोफोनजवळ नेऊन मी बोटं चाटल्याचा आवाज काढला. पाचही बोटं, एकेक करून.

गॅलरीत मासे तळणाऱ्या गफूरभाईंनी झारा खाली ठेवला. “काढ ते,” ते म्हणाले.

“नाव कुठे घेतलंय?”

“नाव? मेल्या, तुझ्या गावातनं माळ घालून दोह्याला आलेली माणसं किती हायत? आणि बोटं कधी चाटली त्यांनी? काढ.”

फीत मागे घेऊन त्यावर दुसरं काही भरायला दोन मिनिटं लागली असती. मी ती मागे घेतली. ऐकली. आणि बटणावर बोट ठेवलेलं असताना मला माझ्याच करामतीचं हसू आलं; बटण दाबलं नाही. गफूरभाईंना म्हणालो, “काढलं.” दुसऱ्या दिवशी कोरेगावकडचा एकजण सुट्टीवर निघाला होता, त्याच्या हाती कॅसेट गेली.

दोनेक महिन्यांनी तात्यांना घरचं पत्र आलं. त्यांची पत्रं मीच वाचून दाखवायचो. सुनंदानं आईच्या वतीनं लिहिलेलं, सुवाच्य, शाळेतलं अक्षर. मी मोठ्यानं वाचू लागलो आणि तिसऱ्या ओळीवर अडखळलो. पाहुण्यांनी लग्न मोडलं होतं. गावात बोभाटा झाला होता की तात्या माळ काढून गोमांस भाजतात आणि खातात. त्यापुढची ओळ अशी होती: ‘मास्तरांच्या ओसरीवर कॅसेट लागली होती, त्यात सुधाकरदादांनी तुमचा आवाज काढून दाखवला, तो पाव्हण्यांच्या भाच्यानं ऐकला.’ ती ओळ मी गाळली. पुढचं वाचलं. आई जेवत नाही, तुम्ही काळजी करू नका, शेळीला दोन पिल्लं झाली.

तात्या पलंगाच्या कडेवर बसले होते. ते म्हणाले, “कुनी सांगितलं, लिवलंय का?”

“नाही.”

“पुन्यांदा बग.”

मी पुन्हा पाहिलं. ती ओळ तिथेच होती. “नाही लिहिलं, तात्या.”

त्यांनी मान वर केली आणि दाराजवळच्या खिळ्याकडे पाहिलं. माळेचं कुणाला ठाऊक होतं? ती हातात कोण घेत होतं? मी गावचा, मास्तरांचा मुलगा, त्यांनी आणलेला, त्यांच्या हातची भाकरी खाणारा. माझ्यावर त्यांना संशय येणं शक्यच नव्हतं. गफूरभाई चहा गाळत होते. तात्या त्यांना एवढंच म्हणाले, “गफूर, तुझ्याकडं इस्वासानं दिलं हुतं रं.” गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्राची घडी घालत होतो. त्यांनी चहाचा पेला तात्यांसमोर ठेवला.

त्या आठवड्यात गफूरभाई दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले. त्यांची पेटी उतरवून द्यायला मी जिन्यापर्यंत गेलो. मी विचारलं, तुम्ही सांगितलं का नाहीत? ते म्हणाले, “सांगून काय? मी परका हाय, माझ्याशिवाय त्याचं चालेल. तुझ्याशिवाय त्याला घरचं पत्र कोण वाचून दाखवील? तूच सांग त्याला. मी वाट बघतो.” पेटी खांद्यावर घेऊन ते वळले. गॅलरी रिकामी झाली. तात्यांनी माळ पुन्हा घातली नाही, आणि शेगडीवर उभं राहणंही सोडलं. साहेबाला कारण काय सांगितलं, मला माहीत नाही. साहेब काही म्हणाला नाही, माझी नोकरीही गेली नाही. म्हणजे पहिल्याच शुक्रवारी तात्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, हे ना त्यांना कधी कळलं ना साहेबाला.

उन्हाळ्यात तात्या गावी गेले. विश्वचषक चालू होता. मी खालच्या कॅफेटेरियात उभा राहून सामने बघायचो. अमेरिकेतली मैदानं खच्चून भरलेली होती. लोक पोरांना खांद्यावर घेऊन, तोंडं रंगवून, नाचत होते. अमेरिकेला या खेळाची किंमत नाही असं मी ओसरीवरच्या मंडळींना सांगितलं होतं, तेही खोटं निघालं. पण मी बघत होतो ते सामने नव्हेत. गावी गेल्यावर तात्यांना कळणार, हे मला ठाऊक होतं. गावात ते न ऐकलेला माणूस उरला नव्हता.

ते परत आले तेव्हा हातात एक पिशवी होती. “तुझ्या” असं काहीतरी म्हणायला तोंड उघडून ते थांबले आणि म्हणाले, “तुमच्या आईनं लाडू दिल्यात. शेंगदाण्याची चटनी बी हाय. ओसरीवर बसून आलो. मास्तरांनी च्या पाजला.” मग सामान न सोडताच ते चपला घालून खाली उतरले आणि गफूरभाईंच्या खोलीवर गेले. तासाभरानं दोघे मिळून पेटी घेऊन वर आले. गफूरभाईंची शेगडी पुन्हा गॅलरीत लागली. त्या दिवशी सुरमई आणली होती. तात्या भिंतीकडे तोंड करून बसले.  बेसनाचे लाडू मी त्या दोघांसमोर खाल्ले, कारण नाही म्हणायचं कसं तेही कळेना.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही एकत्र राहिलो. तात्यांनी मला पिठलं वाढलं, ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पत्रंही माझ्याचकडून वाचून घेतली. फक्त ‘मास्तरा’ म्हणाले नाहीत. “सुधाकरराव, जेवून घ्या.” “सुधाकरराव, तुमचा शर्ट वाळला.” वयानं दुप्पट मोठा माणूस मला अहो-जाहो करत होता, आणि खोलीत येणारे-जाणारे म्हणत, किती मान देतात हो तुम्हाला.

पुढे मी परतलो, बँकेत लागलो, संसार झाला. सुनंदाला एका बिजवराला दिलं. तिचं बरं चाललं असं ऐकत होतो. गावात तात्यांना काही घरांत पाणी विचारत नसत, हेही ऐकत होतो. मी एकदा पारावर उभं राहून चार लोकांना सांगितलं असतं की ते मी रचलं होतं, तर ते मिटलं असतं. मी गावी जायचो तो अंधार पडता पडता आणि निघायचो सकाळच्या पहिल्या एसटीनं.

शेवटी त्यांच्याकडूनच बोलावणं आलं. सुनंदाची मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली होती आणि कसलासा फॉर्म अडला होता. तात्या अंगणात बाजेवर बसले होते, वाळलेले, गळा मोकळा. “सुधाकरराव, तुमाला इंग्रजी येतंय. नातीचं एवढं बगा.” मी फॉर्म भरला. मुलगी चुणचुणीत होती, तिला तसं काही अडलेलं दिसलं नाही. ती म्हणाली, “आजोबा सांगतात, अमेरिकेचं तुम्हाला सगळं माहीत होतं, कॅसेट करून पाठवायचात.” मी तात्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, रागही नव्हता. मग मुलगी चहा टाकायला आत गेली आणि अंगणात आम्ही दोघेच राहिलो. आता मला वाटतं, फॉर्म हे निमित्त होतं. त्यांनी मला तेवढी जागा करून दिली होती. आत स्टोव्ह पेटला, पाण्याला आधण आलं, साखरेचा डबा उघडल्याचा आवाज आला. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, कैक वर्षांपासून तयार होतं. मी म्हणालो, “ऊन फार आहे यंदा.”

“व्हय,” तात्या म्हणाले. चहा आला.

ते वाक्य असं होतं: तात्या, तुमचा अंगठा भाजला तेव्हा तुम्ही तो मातीला पुसलात, तोंडाला लावला नाहीत, मी पाहिलं होतं. चाटल्याचा आवाज मी काढला. पत्रातली ओळ मी गाळली. मला क्षमा करा.